दगडूसाठी अंगणात काय लावू? (वाळवंटी कासव, ॲरिझोना)

चँडलरची_जाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही कासवासाठी.

आम्ही ॲरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला असतो. एप्रिलमध्ये आमच्याकडे दगडू आला. सोनोरन वाळवंटी कासव, जमिनीवरचं, नऊ इंच लांब, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. विकत आणलेला नाही. इथल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचा दत्तक कार्यक्रम आहे, त्यातून मिळाला. एकदा माणसात राहिलेलं कासव परत रानात सोडता येत नाही, कारण पाळीव कासवांचा श्वासाचा रोग रानातल्या कासवांना लागू शकतो, म्हणून मग अशांसाठी घरं शोधतात. आम्ही आधी मागचं अंगण बंदिस्त करून घेतलं, बीळ बांधलं, वर मातीचा ढीग घातला, मग तो आला.

खाण्याचं मात्र आमचं चुकलं. पहिले दोन महिने दुकानातलं लेट्यूस आणि कधीतरी किसलेलं गाजर. जूनमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि त्या रोज सकाळी केळ्याचे दोन काप घेऊन बाहेर जायला लागल्या. दगडू त्यांच्या पावलांचा आवाज ओळखायला लागला, बिळातून मान बाहेर काढून बसायचा, ते बघून कोणालाच थांबवावंसं वाटेना. आठवड्याभरात शी पातळ व्हायला लागली, वासही वेगळा. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी फळ बंद, लेट्यूस बंद, गवत आणि रानपाला द्या, आणि शक्य असेल तेवढं घरीच उगवा म्हणून सांगितलं. आता शी सुधारली आहे पण सासूबाईंना फार लागलंय ते, त्या अजून मधेच म्हणतात की माझ्या हातून झालं.

तर मी उत्साहाने इथल्या एका मोठ्या दुकानातून जास्वंदीची तीन फुललेली रोपं आणून लावली आणि एका कोपऱ्यात हराळीचं बी टाकलं. हराळी दहा दिवसांत उगवली, दगडूने दोन दिवसांत त्यावर फेऱ्या मारून आणि कोंब उपटून साफ केली. जास्वंदीला अजून तोंड लावलेलं नाही, मी खालच्या फांद्यांना जाळी गुंडाळली आहे कारण रोप वाढू दे म्हटलं.

मला विचारायचंय ते असं की बियांपासून काय काय लावता येईल, तो तुडवतो त्यावर काय करायचं, ४४-४५ डिग्रीत काय टिकतं, आणि सासूबाई विचारतायत की मेथी, पालक, अळू, घोळ असलं काही चालेल का, कारण ते त्यांना लावता येतं आणि त्यांना त्याच्यासाठी काहीतरी करायचंय. त्या नोव्हेंबरपर्यंत आहेत इथे. अजून एक, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून गुलाबी फुलांची कण्हेर आहे, त्याची पानं आमच्याकडे पडतात, त्याने काही होतं का?

---

मेसाकर

जाईताई, बाकी सगळं नंतर, आधी दोन कामं आजच्या आज करा.

पहिलं कण्हेर. ती विषारी आहे, पान, फूल, देठ, सगळंच, वाळलेलं पानसुद्धा. आपल्याकडे देवाला वाहतात म्हणून आपल्याला ती घरातली वाटते, पण कासवाच्या पोटात गेली तर हृदयावर परिणाम होतो. त्या बाजूने दगडूची हद्द किमान पाच-सहा फूट आत घ्या, आणि वारा सुटला की रोज झाडा. शेजाऱ्यांशी बोलून तुमच्या बाजूची छाटणी करून घ्या. घाणेरी आणि बकाणा निंब कुठे असतील तर तेही त्याच यादीत. फिनिक्सच्या निम्म्या वस्त्यांमध्ये कण्हेरीचं कुंपण आहे, त्यामुळे नुसतं आपलं अंगण बघून भागत नाही.

दुसरं, ती जास्वंद. जास्वंद कासवाला उत्तमच, फूल आणि पान दोन्ही. पण दुकानातल्या फुललेल्या रोपांना बहुतेक वेळा असं कीटकनाशक दिलेलं असतं की जे मुळातून चढून रसात जातं, ते धुऊन निघत नाही. शिवाय कुंडीतल्या मातीत खताच्या बारीक गोल गोळ्या असतात, पिवळ्या नाहीतर हिरव्या, कासव त्या वेचून खातं. तुम्ही जाळी गुंडाळलीत ते फार बरं झालं. ती रोपं उपटून कुंड्यांमध्ये लावा, दगडूच्या हद्दीबाहेर ठेवा, मुळाभोवतीची माती झटकून बदला, खड्ड्यात सांडलेल्या गोळ्या वेचून काढा. सहा महिने तरी त्याला त्यातलं काही देऊ नका, आणि मधल्या काळात कोणाच्या घरी जुनी न फवारलेली जास्वंद असेल तर तिच्या काड्या आणून लावा. आमच्याकडची सगळी जास्वंद एकाच काडीपासूनची आहे, इथल्या गिल्बर्ट गावातल्या एका काकूंनी दिलेली.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे ठकी अकरा वर्षं आहे, तीही दत्तकच. पहिली तीन वर्षं मी तुमच्यासारखंच करत होतो, वसंतात बी पेरायचं आणि मग तिच्याशी झटापट करत बसायचं. मग डोक्यात आलं की हे कासव ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरला बिळात शिरतं ते मार्चपर्यंत झोपतं. ते चार महिने अंगण पूर्ण मोकळं. आणि आपल्या या वाळवंटात रानफुलं उगवायचा मोसमही नेमका तोच, शरदात पेरा, थंडीतल्या पावसावर वाढतात. त्यामुळे आता मी सगळं बी ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाकतो, ठकी खाली झोपलेली असते, वर रान वाढत असतं, मार्चमध्ये ती बाहेर येते तेव्हा गुडघाभर हिरवं. गुडघाभर म्हणजे तिच्या गुडघ्याने नाही, माझ्या.

काय पेरायचं: सगळ्यात आधी ग्लोबमॅलो. नारिंगी फुलांचं झुडूप, इथलंच, जास्वंदीच्या आणि भेंडीच्या कुळातलं. दगडूच्या जातीचं रानातलं खाणंच आहे ते. बीचं कवच टणक असतं, दोन पॉलिश पेपरमध्ये हलकं घासून घ्या नाहीतर गरम पाण्यात रात्रभर ठेवा, नुसतं टाकलं तर फार कमी उगवतं. पानांवर लव असते, हाताळून झाल्यावर डोळे चोळू नका, चुरचुरतात. एकदा धरलं की पाणी जवळजवळ मागतच नाही आणि ४५ डिग्रीतही मरत नाही, नुसतं मरगळतं.

त्याच्याबरोबर पिवळा इव्हिनिंग प्रिमरोज आणि इथली देशी गवतं. हराळी मात्र थंडीत नाही, तिला रात्रीसुद्धा ऊब लागते, ती मे ते ऑगस्ट. म्हणजे आत्ता पेरलीत तरी चालेल, फक्त पाच-सहा आठवडे कुंपण घाला. चार विटा आणि कोंबड्यांची जाळी, बास. मी अंगणाचे तीन तुकडे केलेत, एक खायला, एक वाढायला, एक नुसता मोकळा.

आणि निवडुंग. काटे नसलेला फड्या निवडुंग लावाच. कोणाच्याही अंगणातून चार फडे मिळतात. चिमट्याने धरून कापा, कापलेली बाजू सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, खपली धरली की निम्मा फडा मातीत आणि पहिला आठवडाभर पाणी नाही. ओल्या जखमेने लावलात तर कुजतो. "काटे नसलेला" म्हणतात त्यालाही डोळ्यांच्या जागी केसासारखी बारीक कुसळं असतात, ती बोटात गेली की दोन दिवस सलतात. गॅसवर वांगं भाजतो तसा फडा दोन्हीकडून फिरवा, कुसळं तडतडून जळतात, मग गार करून पट्ट्या कापून द्या. ठकी पट्टीवर पाय रोवते आणि मान मागे ओढून फाडते, चोचीला हिरवा चिकट रस लागतो, तो ती मातीला पुसते. उन्हाळ्यात यातून पाणीही मिळतं.

तुती मिळाली तर पानं उत्तम. पण लावण्याआधी काउंटीचा नियम बघा, टूसानकडे पीमा काउंटीत परागाच्या त्रासामुळे तुतीवर निर्बंध आहेत.

---

साधासुधा

आमच्या सांगलीच्या वाड्यात हौदात कासव होतं, ते कणकेच्या गोळ्या आणि बारीक मासे खायचं, वीस वर्षं जगलं. एवढं सगळं लावायची गरज आहे का? माशांचं खाद्य मिळतं दुकानात.

---

रानवेडी

@साधासुधा, तुमचं ते पाण्यातलं कासव होतं, ते मांसही खातं. जाईंचं जमिनीवरचं आहे, पूर्ण शाकाहारी, आणि तेही कमी प्रथिनं, भरपूर चोथा अशा खाण्यावर घडलेलं. कणीक, पाव, माशांचं खाद्य यातलं काही दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. मराठीत दोघांनाही कासवच म्हणतो त्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो.

मी पशुवैद्य आहे, पुण्यात. जाई, सासूबाईंना सांगा की केळं देणारे घरोघरी असतात, महिन्यातून पाचसहा जण तरी माझ्याकडे येतात. त्यांनी वेळेत थांबवलं. अशा कासवांच्या आतड्यात गवताचा चोथा आंबवणारे जिवाणू असतात, साखर गेली की त्यांचा समतोल बिघडतो, म्हणून शी पातळ होते. गवतावर परत आला की बसते घडी.

भाज्यांचं सांगते, कारण हा प्रश्न आपल्याच लोकांकडून येतो. कवचासाठी खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दुप्पट असायला हवं. पालकात ऑक्झॅलेट इतकं की ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. अळू तर अजिबात नको. आपण अळूला चिंच का घालतो, घसा खाजू नये म्हणून ना, ती खाज ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते तेच कासव कच्चं खाणार, त्याची जीभ आणि घसा सोलवटतो. घोळ तुमच्याकडे पावसात आपोआप उगवत असेल, चार पानं चरताना खाल्ली तर घाबरू नका, पण ती मुद्दाम वाफाभर लावू नका, तिच्यातही ऑक्झॅलेट आहे. मेथी-कोथिंबीर कधीमधी, मूठभर. कोबी-फ्लॉवर नको.

सासूबाईंना लावायचंच असेल तर लाल भोपळ्याचा वेल लावू द्या. पानं आणि फुलं दोन्ही दगडूला चालतात, वेल झपाट्याने पसरतो, आणि भोपळा तुमच्या घारग्यांना. दुसरं म्हणजे शेवगा, पाला थोडा थोडा.

कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा अंगणात टाकून ठेवा. तेच आपलं कानाच्या औषधातलं समुद्रफेन. त्याला हवं तेव्हा तो कुरतडेल. ऊन तर तुमच्याकडे आहेच.

---

लीड्सकर_मावशी

जाई, मी तुझ्या अगदी उलट टोकाला, ऊन नाही आणि पाऊस थांबत नाही. माझ्याकडे बेबी नावाचं हॉर्सफील्ड कासव आहे, मध्य आशियातलं. (अवांतर: १९६८ साली झोंड ५ या सोव्हिएत यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली ती याच जातीची दोन कासवं. मी मुलांना सांगते तेव्हा ती आमच्या बेबीकडे वेगळ्याच आदराने बघतात.)

तुडवण्यावर माझा उपाय ट्रेचा आहे. दोन उथळ ट्रे, चार इंच माती, खत न घातलेली. त्यात डॅन्डेलियन, प्लँटेन (केळं नव्हे, लॉनमधलं त्या नावाचं तण) आणि क्लोव्हर एकत्र पेरते. एक ट्रे जमिनीत काठापर्यंत गाडलेला असतो, म्हणजे बेबी चालत येऊन चरते, दुसरा खिडकीत वाढत असतो. पहिला खाऊन संपला की अदलाबदल. मुळं शाबूत राहतात त्यामुळे खाल्लेला ट्रे तीन आठवड्यांत परत फुटतो. खुडून ताटलीत दिलेलं आणि तिने स्वतः जमिनीतून तोडलेलं यात फार फरक पडतो, तोडताना ओढावं लागतं त्याने चोचही घासली जाते. ताटलीवर होती तेव्हा तिची चोच वाढून दोनदा कापावी लागली होती, ट्रे सुरू केल्यापासून एकदाही नाही.

डॅन्डेलियन म्हणजे साधारण आपल्या पाथरीच्या नात्यातलं समज, खुडलं की पांढरा चीक येतो आणि चव तशीच कडवट. माझी आई शेताच्या बांधावरून पाथरी आणायची, कच्चीच खायचो आम्ही भाकरीबरोबर. इथे लोक लॉनमधून हे उपटून फेकतात, मी शेजाऱ्यांकडून मागून आणते, फक्त आधी विचारते की तणनाशक मारलंय का.

---

कोथरूडकर

चांगला धागा. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला कोणीतरी पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं छोटं कासव दिलंय, काकडी खातं. वरची झाडं त्यालाही चालतील का? गच्चीत कुंड्या आहेत.

---

रानवेडी

@कोथरूडकर, ते तारांकित कासव आहे आणि ते घरात ठेवता येत नाही, कोणी भेट दिलं तरीसुद्धा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेच, २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत गेलंय, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. पोत्यात भरून, पाय चिकटपट्टीने बांधून त्यांची तस्करी होते, आमच्याकडे येतात तेव्हा कित्येकांची कवचं तडकलेली असतात. तुमच्या सोसायटीतलं त्यातलंच एक वाचलेलं असणार.

मुलाला रागावू नका, त्याला बरोबर घेऊन वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आणि कृपा करून तळजाईला नाहीतर वेताळ टेकडीवर नेऊन सोडू नका, ते कुठल्या रानातलं, त्याला काही रोग आहे का हे तपासल्याशिवाय सोडलं तर तेही मरतं आणि तिथल्यांनाही धोका. तोपर्यंत काकडी बंद, हराळी आणि जास्वंदीची न फवारलेली पानं द्या, उथळ ताटलीत पाणी ठेवा, सकाळचं ऊन मिळू द्या, काचेतून नको.

---

कोथरूडकर

बापरे, हे अजिबात माहीत नव्हतं. आजच त्याच्या आईवडिलांशी बोलतो.

(दोन दिवसांनी) वनखात्याचे लोक येऊन घेऊन गेले. मुलगा रडला पण त्याने स्वतःच्या हाताने खोक्यात हराळी घालून दिली.

---

चँडलरची_जाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक वाचून सासूबाईंना दाखवलं. रानवेडी, तुम्ही केळ्याबद्दल लिहिलंत ते त्यांनी दोनदा वाचलं, मग म्हणाल्या, भोपळ्याचं बी कुठे मिळतं ते बघ.

आतापर्यंत काय केलं ते लिहितेय. मेसाकर, तुमचं वाचलं त्याच संध्याकाळी जास्वंद उपटली आणि खरंच मातीत पिवळ्या गोळ्या होत्या, चिमूट चिमूट करत अर्धी वाटी निघाल्या. मी आणि माझा मुलगा टॉर्च घेऊन रात्री साडेनऊपर्यंत वेचत होतो. कण्हेरीच्या बाजूने सहा फूट सोडून सिमेंटच्या ठोकळ्यांची रांग लावली. शेजारीण फार चांगली निघाली, तिला माहीतच नव्हतं, तिने सगळी फांदी आमच्या बाजूची कापून दिली.

हराळी विटा-जाळीच्या आत परत पेरली. गणपतीला तोपर्यंत बरी वाढली होती, सासूबाईंनी त्यातूनच एकवीस दूर्वांची जुडी काढली. इथे दरवर्षी आम्ही दूर्वा कुठे मिळतील म्हणून फोनाफोनी करायचो आणि ती सगळ्यांच्या लॉनमध्ये पसरलेली असते हे लक्षातच आलं नव्हतं, नाव वेगळं ना, बर्म्युडा ग्रास. विसर्जनाच्या दिवशी जाळी काढली. दगडू आला, वास घेत थांबला, मग एक पातं धरलं, पुढचा पाय दाबला आणि मान आडवी करून कचकन तोडलं. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, चाळीस मिनिटं तो चरत होता आणि त्या हलल्या नाहीत.

भोपळा ऑगस्टमध्ये लावला तो सावलीच्या कापडाखाली धरला, पानं रोज दोन देतो. शी आता घट्ट आहे, काडीकाडी दिसते गवताची. वजन दोन किलो एकशे ऐंशी.

एकच विचारायचंय मेसाकर. हवा आता उतरायला लागली आहे, तो दुपारीसुद्धा फारसा बाहेर येत नाहीये. खाणं मी बंद करायचं की तो आपोआप करतो?

---

मेसाकर

तो स्वतःच कमी करतो. तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यापासून ताटलीतलं काही देऊ नका, पोट रिकामं होऊन झोपायला दोन-तीन आठवडे मिळाले पाहिजेत, पोटात खाणं राहिलं तर थंडीत ते आतच सडतं. पाणी मात्र चालू ठेवा, झोपायच्या आधी एकदोनदा उथळ टबात कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, हनुवटीच्या खालपर्यंतच पाणी. उचलताना सावकाश, दचकला तर तो साठवलेलं सगळं पाणी मुतून टाकतो आणि मग झोपेत कोरडा पडतो. झोपण्याआधी एकदा वजन करून लिहून ठेवा, मार्चला ताडून बघता येईल.

तो आत गेला आणि सलग आठवडाभर बाहेर आला नाही की बी टाका. बिळाच्या तोंडासमोर दोन फूट मोकळं ठेवा, बाकी सगळीकडे. माझ्याकडे ग्लोबमॅलोचं यंदाचं बी भरपूर आहे, मेसाला आलात तर घेऊन जा, फडेही देतो.

---

चँडलरची_जाई

शनिवारी गेलो होतो मेसाला, सासूबाई पण आल्या. ठकीला बघितलं, केवढी आहे! बी मिळालं, वर सहा फडे. फडे बघून सासूबाई म्हणाल्या की हा तर आमच्या माळावरचा, याची बोंडं खाऊन आमची तोंडं लाल व्हायची, आणि मेसाकरांनी सांगितलं की तो मूळचा अमेरिकेतलाच, आपल्या माळांवर बाहेरून आलेला, तर त्या वाटेत बराच वेळ त्याचंच बोलत होत्या.

दगडू गेल्या सोमवारी आत गेला तो अजून आलेला नाही. काल सासूबाईंनी दोन पॉलिश पेपरमध्ये बी घासून रात्रभर भिजत घातलं, सकाळी वाळूत कालवून सगळ्या अंगणात फोकलं, साताऱ्याला वाफ्यात मेथी फोकतात तसं. त्यांचं परतीचं विमान अठराला आहे. फडे गॅरेजमध्ये सावलीत वाळत ठेवलेत, खपली धरायला आली आहे, बहुतेक गुरुवारी लावते.